सापांच्या कार्डांची डिस्क

पौर्णिमा उबाळेशी माझी ओळख झाली २००८ साली. मी किन्हवलीजवळच्या शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि पेन्शनच्या अर्जांसाठी शहापूरला खेटे घालत होतो. स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आतल्या बाजूला ती टायपिंगला बसायची. छत्तीस-सदतीस वर्षांची, उंच, केस मागे घट्ट बांधलेले. कागद घ्यायची, एकदा पूर्ण वाचायची, अक्षर लागलं नाही तर त्यावर बोट ठेवून वर बघायची. मग टाइप करायला लागायची. बाकी बोलणं नाही.

एकदा अर्जावरचा माझा पत्ता बघून ती म्हणाली, "तुमच्या वाडीत त्या दगडी बांधाला फुरसं फार आहेत ना?"

"आहेत. तुम्ही कधी आलात आमच्याकडे?"

"नाही. कधीच नाही."

एवढं बोलून ती परत मान खाली घालून टाइप करायला लागली. मी चकित झालो. त्या बांधावर सहा-सात माणसांना फुरसं चावलेलं मला माहीत होतं, पण ते आमच्या वाडीबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पुढे दीड-दोन वर्षांत, तुकड्यातुकड्याने, तिने मला सगळं सांगितलं. ते असं.

आटगाव स्टेशनवरून तानशाकडे जाणाऱ्या रस्त्याला तिची वस्ती. वडील नथू रेल्वेच्या गँगमध्ये, आई धोंडाबाई भाताच्या लावणीला आणि कापणीला मजुरीवर जायची. मुलगी बुद्धपौर्णिमेला झाली म्हणून पौर्णिमा. धाकटा भाऊ महेंद्र. दहावीनंतर शहापूरला टायपिंगचा क्लास केला, मराठी तीस, इंग्रजी चाळीस. त्र्याण्णव साली लग्न होऊन उल्हासनगरला गेली आणि चौदा महिन्यांनी एक पेटी घेऊन परत आली. त्या चौदा महिन्यांबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

शहाण्णवमध्ये मुरबाडच्या डॉक्टर वेखंड्यांना केसपेपरच्या खिडकीवर बसायला माणूस हवा होता. ज्ञानेश्वर वेखंडे शहापूर तालुक्यातल्याच एका शेतकरी घरातले. बारा खाटांचं त्यांचं हॉस्पिटल. सर्पदंशाचा पेशंट दोन्ही तालुक्यांतून त्यांच्याकडे यायचा. पौर्णिमाने हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. तात्पुरती म्हणून घेतलेल्या त्या खोलीत ती नऊ वर्षं राहिली.

डॉक्टरांची एक सवय होती. साप चावलेल्या प्रत्येक माणसाचं ते एक जाड कार्ड लिहायचे. नाव, वय, गाव, किती वाजता, काय करताना, शरीरावर कुठे, साप कोणता, आधी भगताकडे नेलं का, दवाखान्यात यायला किती वेळ लागला, औषधाच्या बाटल्या किती लागल्या. शेवटी एक ओळ. माणूस वाचला असेल तर त्या ओळीत लिहायचे, "घरी गेला" किंवा "घरी गेली". चौऱ्याऐंशी सालापासूनची अशी कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेली होती.

"हे कशाला लिहिता, सर?" तिने एकदा विचारलं.

"विसरतो म्हणून," डॉक्टर म्हणाले.

अठ्ठ्याण्णवला त्यांनी कम्प्युटर आणला. कल्याणच्या एका माणसाकडून या कार्डांसाठी मराठीत प्रोग्रॅम बनवून घेतला आणि पौर्णिमाला त्याच्यासमोर बसवलं. दुपारी पेशंट कमी असायचे तेव्हा ती एकेक डबा खाली काढून कार्डं उतरवायला लागली. दिवसाला दहा-बारा. डॉक्टरांचं अक्षर तिला त्यांच्या बायकोपेक्षा चांगलं लागायचं, असं डॉक्टर म्हणायचे. बाई पुढे दोन वर्षांनी वारल्या, मुलगी मनस्वी पुण्याला शिकत होती. डॉक्टर आणि पौर्णिमा, दोघंही दुपारचं जेवण आपापल्या डब्यातून, आपापल्या खोलीत जेवायचे.

न पाहिलेली गावं तिला कळायला लागली ती अशी. टोकावड्याच्या पुढे कुठल्या पाड्यात घोणस जास्त, डोळखांबकडे कुठल्या ओढ्यावर नाग निघतो, कुठल्या वाडीत माणसं जमिनीवर झोपतात आणि मण्यार अंथरुणात शिरते, चावली तरी खूण दिसत नाही. "मला माणसं माहीत नव्हती," ती मला म्हणाली. "त्यांच्या आयुष्यातला एकच दिवस माहीत होता. पण तो नीट माहीत होता."

२००१च्या उन्हाळ्यात तिने एक गोष्ट केली. कार्डं गावाप्रमाणे लावून झाली होती, तिने ती वेळेप्रमाणे लावली. आणि यादी घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, धसईच्या पलीकडची माणसं बघा. ज्यांना संध्याकाळी सातनंतर चावलंय ती जास्त गेलीत. साप कुठलाही असो."

डॉक्टरांनी यादी खालून वर आणि वरून खाली वाचली. "सातला काय होतं?"

"शेवटची एसटी जाते."

डॉक्टरांनी यादी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "सतरा वर्षं मी साप मोजतोय. गाडी मोजायची राहिली."

त्यांनी त्या बाजूच्या एका जीपवाल्याला गाठलं आणि साप चावलेला माणूस कुठल्याही वेळेला आणायचा असं ठरवून टाकलं. पुढच्या दोन पावसाळ्यांत त्या गावांच्या कार्डांवर शेवटच्या ओळीत "घरी गेला" जास्त दिसायला लागलं. पौर्णिमाने ते कुणाला सांगितलं नाही. सांगायला कुणी नव्हतं. वडील नव्व्याण्णवला गेले होते. आईला महेंद्र त्याच्या बदलापूरच्या ब्लॉकमध्ये घेऊन गेला होता. आटगावच्या घराला कुलूप होतं. रविवारी ती कपडे धुवायची आणि उरलेला दिवस हॉस्पिटलच्या पायरीवर बसून काढायची.

२००३मध्ये भिंतीकडच्या डब्यांना वाळवी लागली. डबे पत्र्याचे, पण झाकणं गंजून मोकळी झालेली. उघडून बघितलं तर आत माती आणि कागदाचा भुगा. डॉक्टर हसले. "बरं झालं, तू आधीच उतरवलंस." हसले खरे, पण त्या दिवसापासून ते दर शनिवारी विचारायला लागले, "फ्लॉपीवर घेतलंस ना?" ती घ्यायची. पण मधल्या काळात स्कॅनर आला होता. लोक मारलेला साप पिशवीत घालून आणायचे, त्याचा फोटो, जखमेचा फोटो, सगळं कम्प्युटरमध्ये जात होतं. ते फ्लॉपीत मावणारं नव्हतं.

डिसेंबर २००४मध्ये कम्प्युटरच्या डब्यातून आवाज यायला लागला. टक, टक, थोडं थांबून पुन्हा टक. शहापूरच्या अनिकेतला बोलावलं. तो कम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. त्याने कान लावला आणि म्हणाला, "ताई, हार्ड डिस्क जायला आलीय. आज जाईल की सहा महिन्यांनी, सांगता येत नाय."

त्याने कार्डांची फाइल सीडीवर काढून स्वतःच्या दुकानातल्या कम्प्युटरवर उघडून बघितली. पडद्यावर नुसते ठिपके, काने आणि इंग्रजी अक्षरांचा काला. एक शब्द वाचता येईना.

"फाइल आली, पण ती वाचणारा प्रोग्रॅम नाय आला, फाँट नाय आला," त्याने फोनवर सांगितलं. "ते सगळं त्या डिस्कवर दहा ठिकाणी पसरलंय. ज्याने बनवलं तो माणूस कुठंय?"

"दुबईला गेला. नंबर लागत नाही."

"मग फाइल फाइल करून उपयोग नाय. आख्खी डिस्क उतरवायला लागेल. पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत, जशीच्या तशी, दुसऱ्या डिस्कवर. मी नवीन डिस्क मागवतो."

नवीन डिस्क यायच्या आधी, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, डॉक्टर वेखंडे दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चहा घेऊन गेलेल्या मावशींना वाटलं, डोळा लागलाय.

अंत्यविधीला दोन्ही तालुक्यांतून माणसं आली. पौर्णिमा बायकांच्या मागे उभी होती. कुणीतरी शेजारणीला विचारलं, "ह्या कोण?" ती म्हणाली, "केसपेपरवाल्या." पौर्णिमाला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. पण खोलीवर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की नऊ वर्षांत आपल्याशी रोज बोलणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या घरच्यांना भेटायला जायचं तर आपण कोण म्हणून जायचं हे आपल्याला सांगता येणार नाही.

हॉस्पिटल बंद झालं. मनस्वी पुण्याहून आली. इमारतीला गिऱ्हाईक होतं, महिनाअखेर ताबा द्यायचा होता. खाटा, कपाटं, जनरेटर, एकेक वस्तू जात होती. मनस्वी चांगली मुलगी. तिने सगळ्यांना बोलावून विचारलं, कुणाला काय हवं. पौर्णिमाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला कम्प्युटर नको. त्याच्यातलं पाहिजे. कार्डं."

मनस्वी म्हणाली, "बाबा जेवताना त्या कार्डांबद्दलच बोलायचे. आई आणि मी कंटाळायचो." मग म्हणाली, "पौर्णिमाताई, त्यात लोकांची नावं आहेत. आजार आहेत. जपाल?"

"हो."

"मग चावी रविवारपर्यंत तुमच्याकडे ठेवा. सोमवारी कम्प्युटर ज्याने विकत घेतलाय तो येईल न्यायला."

रविवारी अनिकेत येणार होता. सकाळी त्याचा फोन आला, बायकोला कल्याणला दवाखान्यात हलवलंय, बाळंतपण अडलंय, तो येऊ शकत नाही. नवीन डिस्क आणि उतरवायच्या प्रोग्रॅमची एक फ्लॉपी त्याने आदल्याच दिवशी जीपवाल्याबरोबर पाठवली होती. "तुम्हीच करा ताई. मी सांगतो तसं लिहून घ्या."

तिने एका कोऱ्या केसपेपरच्या पाठीवर लिहून घेतलं. कम्प्युटरचा डबा कसा उघडायचा. वायरची कुठली पट्टी कुठे लावायची. डिस्कच्या मागे एक बारीक टोपण असतं, ते कुठल्या दोन काड्यांवर बसवलं की डिस्क मास्टर होते आणि कुठल्या काड्यांवर स्लेव्ह.

"मास्टर म्हणजे मालक? आणि दुसरी गुलाम?" तिने विचारलं.

"हो, तसंच म्हणतात."

"कम्प्युटरमध्येपण आहेच का हे," ती म्हणाली, आणि लिहून घेतलं.

"आता सगळ्यात महत्त्वाचं," अनिकेत म्हणाला. "तो विचारेल, कुठून आणि कुठे. जुनी डिस्क आठ जीबीची आहे, नवी चाळीसची. 'कुठून'मध्ये आठ, 'कुठे'मध्ये चाळीस. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. मग कुणाच्या बापाला परत आणता येणार नाय. आणि मध्ये लाइट जाता कामा नये."

लाइटचं वेळापत्रक मुरबाडमध्ये तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. सकाळी सहा ते दहा नाही, दुपारी चार ते आठ नाही. मधले सहा तास. कम्प्युटरची बॅटरी दहा मिनिटं टिकायची. जनरेटर शुक्रवारीच गेला होता.

दहाला लाइट आली. दहा वाजून दहा मिनिटांनी तिने कम्प्युटर फ्लॉपीवरून चालू केला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. दोन डिस्क एकाखाली एक. तिने 'कुठून'समोर आठची निवडली. 'कुठे'समोर चाळीसची. प्रोग्रॅमने विचारलं, नक्की का? तिने केसपेपर वाचला. पडदा वाचला. मग मोठ्याने वाचला. रिकाम्या हॉस्पिटलमध्ये तिचा आवाज जिन्यापर्यंत जाऊन परत आला. तिने तिसऱ्यांदा वाचून बटण दाबलं.

एक टक्का. दोन टक्के. बाराच्या आत पंचवीस झाले. तिने डबा उघडला आणि दोन घास खाल्ले. एकतीसवर आकडा थांबला. टक, टक, टक. दहा मिनिटं झाली, वीस झाली, आकडा एकतीसच. तिने हॉस्पिटलच्या फोनवरून अनिकेतला लावला. मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता.

"हात लावू नका," तो म्हणाला. "तिथली जागा खराब असेल. तो पुन्हा पुन्हा वाचायला बघतोय. वाचू द्या."

"किती वेळ?"

"ते डिस्कवर आहे."

ती बसून राहिली. केसपेपरची खिडकी तिच्या डाव्या हाताला होती, बाहेरून बंद. याच खिडकीतून ती नऊ वर्षं विचारत आली होती, नाव काय, गाव कुठलं. आता बाहेर कुणी नव्हतं. तिच्या मनात आलं, एकतीस टक्क्यांवर कोण असेल? कुठल्या गावचा माणूस अडकला असेल तिथे? मग तिला वाटलं, हा वेडेपणा आहे, डिस्कवर माणसं अशी रांगेत नसतात. तरी ती आकड्याकडे बघत राहिली. रडू आलं नाही. डॉक्टर गेल्यापासून आलंच नव्हतं.

पन्नास मिनिटांनी आकडा बत्तीस झाला. मग तो भराभर पळायला लागला, सत्तेचाळीसवर परत थोडा अडकला, पुन्हा सुटला. तीन वाजता शहात्तर. साडेतीनला चौऱ्याण्णव. चारला वीस मिनिटं कमी असताना पडद्यावर आलं, काम पूर्ण, न वाचता आलेल्या जागा सतरा.

तिने जुनी डिस्क काढली, नवीला मास्टर केलं आणि चालू केलं. तोच निळा पडदा, तेच घड्याळ, डॉक्टरांनी लावलेलं माळशेजच्या घाटाचं तेच चित्र. कार्डांचा प्रोग्रॅम उघडला. कार्ड क्रमांक एक. सगळी मराठी अक्षरं जागेवर. शेवटची ओळ, "घरी गेला." तेव्हा ती रडली. चारला लाइट गेली आणि दहा मिनिटांनी पडदा बंद झाला.

पुढच्या काही दिवसांत तिने अनिकेतच्या दुकानात बसून सगळी कार्डं तपासली. सापांचे दोन फोटो उघडत नव्हते. टोकावड्याकडच्या एका म्हातारीचं कार्ड अर्ध्यावर तुटलं होतं. म्हातारी तिला आठवत होती. तरी तिने ते कार्ड भरलं नाही. "ते डॉक्टरांचं लिहिणं होतं," ती म्हणाली. "माझी आठवण त्यात घातली, तर बाकीच्या कार्डांचा काय भरवसा?"

मुरबाड सोडून ती आटगावच्या घरी राहायला आली आणि शहापूरच्या दुकानात लागली. अनिकेतकडून जुना कम्प्युटर घेतला, त्याच्यात ती डिस्क बसवली. पडून राहिली की डिस्क अडकते म्हणून दर रविवारी चालू करायची. २००७ला तिची आणखी एक प्रत केली, तशीच आख्खी. आरोग्याचं काम करणाऱ्या तीन ठिकाणी पत्रं पाठवली, की वीस वर्षांची सर्पदंशाची माहिती आहे, कुणाला अभ्यासाला हवी आहे का. उत्तर आलं नाही. आई महेंद्रकडेच वारली. महेंद्र फोनवर म्हणायचा, "ताई, एकटी काय करतेस तिथं? बदलापूरला ये." ती म्हणायची, "बघू." संध्याकाळी जेवण झालं की ती चार-पाच कार्डं उघडून वाचायची. टीव्ही नव्हता तिच्याकडे.

२००९च्या दिवाळीनंतर मी दुकानात बसलो होतो, तेव्हा एक बाई आली. पन्नाशी उलटलेली, काटक, पायात काही नाही. काउंटरपाशी न येता दारातच उभी राहिली.

"वेखंडे दागतरकडं व्हतीस ती तूच का गो?"

"हो. तुम्ही कोण?"

"हौसा." तिने मुरबाडच्या डोंगरातल्या एका वाडीचं नाव सांगितलं. "माझी जाव सुंदरा. चौदा वर्सं झाली. तुमच्या दवाखान्यात मेली. दागतर लिवून ठेवायचा सगल्यांचं. तिचं काय लिवलंय, ते मला पायजे."

"कशाला पाहिजे?"

हौसाने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "लोक बोलतात मी तिला खाल्ली. अंगावर डाग नव्हता, साप कुनी बगितला नाय. मी करनी केली म्हनतात. नवरा माझा आदीच गेला. तवापासून वाडीच्या भायेर ऱ्हाते. पाण्याला येगळी जाते."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कुणी रस्ता सांगावा तसं तिने सांगितलं. पौर्णिमा उठली, मालकाला सांगून निघाली आणि तिला घेऊन आटगावला गेली. पुढचं तिने मला नंतर सांगितलं.

सुंदरा नावाच्या नऊ बायका होत्या. वाडीच्या नावावरून एकच राहिली. पौर्णिमाने कार्ड उघडलं आणि वाचून दाखवलं.

"सुंदरा धोंडी, वय सव्वीस. पहाटे पोटात कळ आली म्हणून उठली. जमिनीवर झोपली होती. चावल्याची खूण दिसत नाही. पापण्या मिटलेल्या, गिळता येत नाही. मण्यार. आणणारी जाऊ, हौसा. पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत दीड तास, तिथून दुधाच्या टेंपोने. पोचल्या सात वीस. मृत्यू नऊ पाच. शेरा. भगताकडे नेलं नाही. जावेने एक क्षण वाया घालवला नाही. अंतरच जास्त होतं."

"परत वाच," हौसा म्हणाली.

पौर्णिमाने परत वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"पाठीवर घेतली, ते पन लिवलंय त्याने?"

"हो. दीड तास, ते पण."

हौसा भिंतीला टेकून बसली. "मी सांगत व्हते सगल्यांना," ती म्हणाली. "कोन आयकनार." मग तिने घरात नजर फिरवून विचारलं, "तू एकटीच ऱ्हातस?"

"हो."

"का गो?"

पौर्णिमा उठून आत गेली. तिने भात टाकला, सुकटीची चटणी केली. दोघी जेवल्या. हौसाने कार्डाचा छापलेला कागद चोळीत ठेवला आणि दुपारच्या गाडीने गेली.

वाडीत त्या कागदाने फारसं काही झालं नाही. कम्प्युटरात काय पण लिवता येतं, असं लोक म्हणाले. पण तीन आठवड्यांनी धोंडी, सुंदराचा नवरा, पत्ता विचारत आटगावला आला. ओट्यावर उभा राहिला, आत यायला तयार नाही.

"हे तू आता लिवलंस का तवा?" त्याने कागद पुढे धरला.

पौर्णिमाने त्याला आत बोलावलं, कम्प्युटर चालू केला आणि कार्डाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. कार्ड कधी उतरवलं त्याची तारीख प्रोग्रॅम स्वतःच टाकायचा. १२ ऑक्टोबर १९९८. डिस्क आख्खी उतरवली म्हणून ती तारीख तशीच राहिली होती. धोंडीला आकडे वाचता येत होते. त्याने ते दोनदा वाचले.

"तवा तुला हौसा ठावं व्हती?"

"नाही. हा कागद न्यायला आली तेव्हा पहिल्यांदा बघितली."

तो खाली बसला. "दागतर बोल्ला व्हता मला," तो म्हणाला. "त्याच दिवशी. साप बोल्ला. मी मानलं नाय. मी रागात व्हतो. आनि पयलं नाव मीच घेतलं हौसाचं. मग लोकांनी धरलं."

त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि गेला.

पुढच्या वैशाखात त्याच्या मुलीचं, पिंकीचं लग्न झालं. धोंडी स्वतः हौसाला बोलवायला गेला. ती गेली, मागे बसली, जेवली. काही बायका तिच्या पंगतीतून उठल्या, काही बसल्या. पाणी ती अजून वेगळ्या वेळेलाच भरते. पण पिंकी माहेरी आली की तिच्याकडे दोन दिवस राहते, असं पौर्णिमाने मला सांगितलं. हौसाने पौर्णिमालाही लग्नाला बोलावलं होतं. ती गेली नाही. "मी तिकडे काय म्हणून जाणार?" ती म्हणाली.

त्या वर्षीच्या पावसाळ्याआधी एका रविवारी पौर्णिमा आमच्या घरी आली. पहिल्यांदाच. बसच्या रस्त्यावरून वाडीपर्यंत चालत. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक डिस्क. नवीन, बाहेरून वायर लावून चालणारी.

"तिसरी प्रत आहे," ती म्हणाली. "आधीच्या दोन्ही माझ्या घरात आहेत. आग लागली, चोरी झाली तर दोन्ही जातील. एक लांब पाहिजे. तुमच्याकडे ठेवाल?"

"ठेवीन. पण भावाकडे का नाही?"

"त्याच्याकडे जागा नाही." मग ती म्हणाली, "तुमच्या घरात माणसं असतात. कुणीतरी लक्ष ठेवील."

तिने मला एक कागद दिला. तीन महिन्यांतून एकदा जोडायची, अर्धा तास चालू ठेवायची, कुणालाही नावं दाखवायची नाहीत. प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर, टाइप केलेलं. मी ते वाचेपर्यंत ती खिडकीतून आमचा दगडी बांध बघत होती.

माझी बायको आतून म्हणाली, "बसा हो, जेवून जा. भाकऱ्या होतातच आहेत."

"नको, गाडी जाईल," पौर्णिमा म्हणाली. पिशवीची घडी घालून ती निघाली. मी बांधापर्यंत सोडायला गेलो. गाडीला अजून पाऊण तास होता, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.